निळ्या रेघेच्या आत

फोटोत एक हात होता. कोपराच्या खाली निळ्या बॉलपेनानं काढलेलं एक वेडंवाकडं कडं, आणि कड्याच्या आत काहीही नाही. नुसती गव्हाळ, नितळ, साबणाच्या जाहिरातीत शोभावी अशी कातडी. खाली जिल्हा कुष्ठरोग अधिकारी डॉ. खानझोडे यांचा शेरा होता. आशा कार्यकर्ती शेवंता मडावी यांनी निरोगी त्वचेवर पेनाने खुणा करून कुष्ठरोगाचे खोटे संशयित दाखवले आहेत. काम का काढून घेऊ नये, याचा खुलासा महिन्याच्या शेवटच्या सोमवारी होणाऱ्या बैठकीत समक्ष करावा.

उत्पला रामटेकेनं ते स्क्रीनवर वाचलं आणि तिचं डोकंच सणकलं. देवझरी जिल्ह्यातल्या सगळ्या आशाताईंचे फोन चालू ठेवणं ही उत्पलाची नोकरी. कुणाचं अॅप अडकलं, कुणाचं सिम रुसलं, की सगळ्या जणी तिच्या खोलीत येऊन बसत. त्यातली शेवंताबाई म्हणजे चुकून पिशवीत गेलेला ऑफिसचा चार्जर परत करायला दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटी धरून आलेली बाई. ती खोटे रोगी दाखवणार? मग खरं बोलायचं कुणी?

शेवंताबाई दुपारी आल्याच. रडल्या वगैरे नाहीत. खुर्चीवर बसल्या, पदरानं मान पुसली आणि फोन टेबलावर ठेवला.

"ताई, मले सांगा, त्या पोरीच्या हातावर रेघा ओढून मले काय भेटते?"

हात कोसमटोल्याच्या फुलवंती कोवेचा होता. शेवंताबाईंनी तिच्या हातावर फिकट चट्टा पाहिला होता. काठाकाठानं पेन फिरवून फोटो काढला आणि पोर्टलवर चढवला. कडं काढायची ही रीत कुठल्या पुस्तकातली नव्हती, या जिल्ह्यातल्या जुन्या लोकांनी पाडलेली होती. फिकट चट्टा फोटोत चटकन दिसत नाही, म्हणून त्याची हद्द आखायची. मग रोग्याला डोळे मिटायला सांगायचं, त्याच पेनाचं टोक कड्याच्या आत टेकवायचं आणि विचारायचं, लागलं का? चट्टा कुष्ठाचा असेल तर तिथली जाणीव गेलेली असते. औषध वेळेत मिळालं तर हा रोग पार बरा होतो. वेळेत नाही मिळालं तर बोटं वाकतात, आणि वाकलेली बोटं गोळी खाऊन सरळ होत नाहीत.

मूळ फोटो फोनमध्ये आहे का, म्हणून उत्पलानं शोधलं. नव्हता. फोटो पोर्टलवर गेला की फोनमधून आपोआप पुसला जाई, जागा अडू नये म्हणून. म्हणजे पुरावा म्हणून उरला होता तो फक्त पोर्टलवरचा फोटो, आणि त्यात तर नितळ कातडी दिसत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

उत्पलानं ऑफिसची गाडी मागितली नाही, कारण तिला ती मिळाली नसती. शेवंताबाईंच्या मागे स्कुटीवर बसून ती कोसमटोल्याला गेली.

फुलवंती घराच्या पडवीत शिलाई मशीनवर बसली होती. वय वीस-बावीस. भर एप्रिलच्या उन्हात अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता. अनोळखी बाई दिसताच तिनं बाही आणखी खाली ओढली. शेवंताबाईंनी तिला शब्द दिला होता की ही गोष्ट घराबाहेर जाणार नाही. पोरीची सोयरीक जुळत आली होती, आणि 'बरा होणारा रोग' हे पोस्टरवर लिहिलेलं वाक्य सासरच्या दारात कितपत टिकतं, ते तिघींनाही ठाऊक होतं.

बरीच समजूत घातल्यावर तिनं बाही वर केली. चट्टा होता. तळहाताएवढा, फिकट, कोरडा, आंधळ्यालाही दिसावा असा. करंगळी किंचित आत वळायला लागली होती.

"गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर रक्ताचे डाग दिसले जी," फुलवंती म्हणाली. "मले वाटलं कुठून आले. मग पाह्यलं तं सुई माह्याच बोटात घुसलेली. मले कळलंच नाई."

शेवंताबाईंनी पुन्हा पेन फिरवलं आणि एकामागोमाग दोन फोटो काढले. फोनच्या पडद्यावर चट्टा स्वच्छ दिसत होता, तिघींनीही पाहिला. मग एक फोटो पाठवला, दुसरा फोनमध्येच राखला, आणि उत्पलानं तिथंच पडवीत बसून लॅपटॉपवर पोर्टल उघडलं. हात तोच. मशीनचा कोपरा तोच. निळं कडं तेच, त्यातला वेडावाकडा बाक न बाक तसाच. आणि आत नितळ कातडी.

शेवंताबाईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा हाताकडे, आणि म्हणाल्या, बाप्पा, हे तं जादूच झाली. जादू कसली, उत्पलाला आता सगळं लख्ख कळलं होतं. आणि कळलं म्हणून राग दुप्पट झाला, कारण ही जादू करणाऱ्या माणसाशी तिचं लग्न झालं होतं.

ते असं. अलीकडच्या फोनांचे कॅमेरे राक्षसी झाले होते. साध्या फोनवरचा एक फोटो म्हणजे वीस कोटी ठिपके. जंगलातल्या नेटवर्कवरून असला फोटो चढवायचा म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवायचा. म्हणून वर्षभरापूर्वी राज्यानं 'निर्मळ' नावाची प्रणाली घेतली. निर्मळ फोटो लहान करत नसे. ती फोटो बघे आणि त्याचं सार काढे. हा हात, हा रंग, इथं वळण, मागं भिंत. तेवढंच सार पुढं जाई. दुसऱ्या टोकाला कुणी फोटो उघडला की निर्मळ त्या सारावरून चित्र नव्यानं रंगवी. मधल्या जागा भरे ती अंदाजानं. आणि हा अंदाज तिनं कुठून शिकला? लग्नाच्या अल्बमांवरून, जाहिरातींवरून, लोकांनी स्वतःचे काढून सजवलेल्या कोट्यवधी फोटोंवरून. तिच्या लेखी माणसाची कातडी एकसारखीच असते. मध्येच फिका भाग आला की तो उजेडाचा दोष, तो काढून टाकायचा. निळी रेघ मात्र तिनं सोडली नाही, कारण हातावरच्या रेघा तिनं मेंदीत हजारदा पाहिल्या होत्या. म्हणजे मेंदी राखली आणि रोग पुसला.

चट्टा दिसेना म्हणून पोर्टल सगळ्याच आशाताईंचे संशयित नामंजूर करी; शेवंताबाई तरीही पाठवत राहिल्या, म्हणून शेरा त्यांच्यावर आला. त्याच वर्षी देवझरीत कुष्ठाच्या नव्या रोग्यांचा आकडा शून्यावर आला. राज्यातला पहिला चट्टामुक्त जिल्हा म्हणून सन्मान ठरला. आकडा एका वर्षात कसा कोसळला, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. शून्य दिसायला छान असतं ना, मग खाजवून खरूज कोण काढणार.

उत्पलाचा नवरा सुगत मेश्राम नागपूरला निर्मळच्या कंपनीत होता, आणि देवझरीचं काम त्याच्याच हाताखाली होतं. तिनं कोसमटोल्यातूनच त्याला फोन लावला. आधी तो हसला, मग म्हणाला की अठ्ठ्याण्णव टक्के चित्र हुबेहूब असतं. उरलेल्या दोन टक्क्यांत एका पोरीचा हात आहे, असं तिनं सांगितल्यावर तो जरा नरमला. कातडी सारखी करणारा भाग बंद करता येतो, असंही त्यानं कबूल केलं.

"मग कर की बंद."

"उत्पला, बंद केला तर लोक विचारतील, इतके दिवस चालू का होता."

हे वाक्य तो अगदी साध्या आवाजात बोलला, भाजीत मीठ कमी पडल्यासारखं. चार वर्षं ज्याच्या ताटाशेजारी ताट मांडलं तो हाच का, असं तिला वाटून गेलं. शिवाय त्यानं वर शहाणपण शिकवलं की दुसरा मार्गच नाही. आशाताईंचे फोन सरकारनं वाटलेले, कॅमेरा मोठा पण मेमरी तोकडी. एवढा फोटो साध्या पद्धतीनं लहान करायचा तर आधी तो पूर्ण उघडावा लागतो. वीस कोटी ठिपके, प्रत्येकाचे लाल-हिरवा-निळा असे तीन आकडे, ते सगळे एकदम मेमरीत घ्यायचे म्हटल्यावर फोन जागीच आडवा होतो. हे मात्र खरं होतं. बाजारातली फोटो लहान करायची अॅप्स तिनं पूर्वी या फोनांवर लावून पाहिली होती, एकही तगलं नव्हतं.

पण सगळे ठिपके एकदम घ्या असं सांगितलंय कुणी? परत येताना स्कुटीच्या मागच्या सीटवर तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. गावजेवण असलं की सगळा गाव एकदम बसवतात का? तेवढा मांडव कुणाच्या बापानं घातलाय. एक पंगत बसते, जेवते, उठते, जागा पुसून घेतात, दुसरी बसते. मांडव एका पंगतीपुरता असला तरी गाव जेवून जातो.

रविवारी सकाळीच तिनं स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी लॅपटॉप मांडला आणि तो राखलेला फोटो असलेला शेवंताबाईंचाच फोन समोर ठेवला. फोटोच्या वरच्या सोळा ओळी वाचायच्या. आठ बाय आठच्या चौकटीतल्या ठिपक्यांची सरासरी काढून त्यांचा एक ठिपका करायचा. तो लिहून टाकायचा. वाचलेल्या ओळी पुसायच्या, आणि त्याच जागेत पुढच्या सोळा घ्यायच्या. अंदाज नाही, सजावट नाही, आठवणीतलं काही मिसळायचं नाही. फिकं असेल ते फिकंच राहील. सरासरी फार तर अंधुक बोलेल, खोटं बोलणार नाही. दुपारपर्यंत दोनदा फोन अडकला, एकदा चित्र उलटं आलं, एकदा वरणाची डाळ करपली. ऊन उतरायच्या आत फोटो आला. लहान, थोडा भरड, आणि त्यात फुलवंतीचा चट्टा जसाच्या तसा. आणि फोनला धाप लागली नव्हती. तिनं त्या प्रोग्रामला 'पंगत' हेच नाव दिलं.

पोर्टलचा नियम असा की फोटो आधीच लहान असेल तर निर्मळ त्याला हात लावत नाही. उत्पलानं पंगत सगळ्या आशाताईंच्या फोनांत घातली. कुणाची परवानगी घेतली नाही, आणि तिला त्याची लाजही वाटली नाही. आठवड्याभरात पोर्टलवर हात, पाठी, गाल, मांड्या यायला लागल्या, प्रत्येकावर निळं कडं आणि प्रत्येक कड्याच्या आत चट्टा. वर्षभर जे पुसले जात होते ते सगळे परत आले. शून्याचा आकडा पार बदलला, आणि मोजणी अजून संपली नव्हती.

आता तरी कार्यालय खडबडून जागं होईल, असं कुणालाही वाटेल. झालं उलटंच. डॉ. खानझोडेंनी उत्पलाला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, तेच तर दुखणं. चहा मागवला, बसा म्हणाले. मग सांगितलं की तिच्या बेकायदा प्रोग्राममुळे फोटोतला रंग उडतो, त्यातून चट्टे तयार होतात, आणि जिल्ह्याची नाहक बदनामी होते. प्रोग्राम ताबडतोब काढून टाकावा. सोमवारी कंपनीचे तज्ज्ञ येऊन सगळ्यांसमोर खुलासा करतील. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

"सर, कोसमटोला इथून तासाभरावर आहे. तुम्ही एकदा त्या मुलीचा हात बघा."

"मॅडम, मी एकेकाचा हात बघत बसलो तर पोर्टल कशाला घेतलं?"

त्यांना ते अगदी योग्य वाटत होतं. गेल्या कित्येक महिन्यांत या माणसानं एकही रोगी डोळ्यांनी पाहिला नव्हता. पोर्टलनं मंजूर केलं की विभागीय भांडारातून औषधाचं ड्रोन उडे. मंजूर नाही तर औषध नाही. फुलवंतीचं नाव 'खोटा संशयित' म्हणून बंद झालं होतं, तेव्हा तिच्यासाठी ड्रोन उडणार नव्हतं, आणि तिची करंगळी काही पोर्टलची वाट बघत थांबणार नव्हती. शेवंताबाईंचं काम जाणार ते वेगळंच. त्या गेल्या की त्या टोल्यांवर, जंगलातल्या वस्त्यांवर, कुणाची बाही वर करून बघणारं कुणी उरणार नव्हतं.

उत्पलानं शेवंताबाईंना फोनवर सगळं सांगितलं. फोटोसमोर फोटो ठेवून भांडण मिटणार नाही, हेही सांगितलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, पण हे लोक आरशालाच विचारतायत. फुलवंतीला आणा असं मात्र ती म्हणाली नाही. दिलेला शब्द शेवंताबाईंचा होता आणि आयुष्य त्या पोरीचं होतं. दोन्ही मागायचा तिला अधिकार नव्हता.

सोमवारी सभागृह भरलं होतं. जिल्हाभरातल्या आशाताई, परिचारिका, तालुक्याचे डॉक्टर. सन्मानाचा फलक आधीच येऊन भिंतीला टेकवून ठेवलेला. सुगत पुढच्या रांगेत बसला होता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. आदल्या दिवशी तो देवझरीत येऊनही घरी न उतरता विश्रामगृहावर उतरला होता. तिनंही बोलावलं नव्हतं.

पडद्यावर दोन फोटो शेजारीशेजारी लागले, एक निर्मळचा आणि एक पंगतीचा. निर्मळचा सुंदर होता. पंगतीचा भरड होता, ठिपके दिसत होते. सुगतनं समजावून सांगितलं की ठिपके दिसणं हेच निकृष्ट प्रक्रियेचं लक्षण, आणि मागच्या रांगांतल्या काही माना हलल्याही. छान चित्रावर विश्वास ठेवायला कुणाला त्रास होत नाही.

मग डॉ. खानझोडेंनी शेवंताबाईंना उभं केलं. निरोगी कातडीवर रेघा का काढल्या, असं विचारलं. शेवंताबाई म्हणाल्या, निरोगी नव्हती साहेब. एवढंच. पुन्हा विचारलं, पुन्हा तेवढंच म्हणाल्या.

उत्पलाला बसवेना. ती उठली आणि तिनं परवानगी न मागता विचारलं की ज्याला खोटंच कडं काढायचंय तो गोल काढेल, असं नदीच्या काठासारखं वाकडंतिकडं कशाला काढेल? आतल्या कुठल्यातरी वस्तूच्या काठानं पेन गेलंय म्हणून ते वाकडं आहे. ती वस्तू कुठं गेली? मग ती सुगतकडे वळली. घरी ती त्याला एकेरीच बोलायची.

"मेश्रामसाहेब, कड्याच्या आत चट्टा होता, आणि तुमच्या निर्मळनं तो पुसला. हो की नाही?"

सुगतनं तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. प्रणाली जशी शिकते तसं करते, असं काहीतरी तो बोलला. हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. पाण्याची बाटली उघडून त्यानं एक घोट घेतला. उत्पलाला त्या क्षणी कळलं की आपण घरी परत एकट्याच जाणार आहोत, आणि फक्त आजच नव्हे, यापुढेही. तिला रडू नाही आलं, संतापच आला.

डॉ. खानझोडे घड्याळ बघत म्हणाले की मुद्दा स्पष्ट आहे, श्रीमती मडावी यांना कामावरून...

तेवढ्यात सभागृहाचं दार ढकललं गेलं. उन्हात निघताना पोरी बांधतात तसा डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधलेली एक मुलगी आत आली. शिपाई आडवा झाला, तिनं त्याला वळसा घातला. शेवंताबाईंच्या तोंडून नुसतं "नको गं बाई" निघालं, म्हणजे बैठकीचं त्यांनीच तिच्या कानावर घातलं असलं तरी ती येणार हे त्यांनाही माहीत नव्हतं. मुलगी सगळ्यांच्या समोरून चालत टेबलापाशी गेली आणि तिनं स्कार्फ सोडला. सभागृहात जिल्ह्याच्या प्रत्येक गावची कुणी ना कुणी बाई होती. जिथं तिची सोयरीक जुळत होती, त्या गावचीही होती. फुलवंतीनं तिला पाहिलं, आणि तरीही बाही वर केली.

"हा हात माहा आहे जी. फोटोतला."

पंगतीच्या फोटोसाठी परवा शेवंताबाईंनी पुन्हा फिरवलेलं निळं कडं अंघोळीनं पुसट झालं होतं, पण होतं. आत फिकट, कोरडा चट्टा होता. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना तो दिसत होता. सुगतलाही.

डॉ. खानझोडे उठून उभे राहिले. कधी काळी त्यांनीही टोल्याटोल्यांत फिरून हे काम केलं असणार, कारण त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. त्यांनी पेन काढलं. फुलवंतीला काही सांगावं लागलं नाही. शेवंताबाईंनी शिकवलं होतं तसं तिनं हात टेबलावर पसरला आणि डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी कड्याच्या आत पेनाचं टोक टेकवलं. थांबले. जरा सरकवून पुन्हा टेकवलं. मग इतकं दाबलं की फिकट कातडीत खळगा पडला. फुलवंती डोळे मिटून, मान किंचित वर करून, शाळेत प्रश्न यायची वाट बघावी तशी उभी होती.

बराच वेळ झाला तसं तिनंच विचारलं.

"सुरू केलं का जी, साहेब?"

डॉक्टरांचं पेन अजून तिथंच टेकलेलं होतं.